दांडग्या पिल्लाची तालीम

दिवाळी उलटून निफाड-सिन्नरकडील शेते मोकळी होऊ लागली, की खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेण्याची जी जुनी वहिवाट आपल्याकडे आहे तिला अनुसरून धनगरांचे कळप रानात उतरतात. आणि त्या कळपासोबत चालणारी, अंगाने सडसडीत पण नजरेने सावध अशी जी दोन-तीन कुत्री असतात, त्यांच्याकडे ज्याने थोडा वेळ थांबून पाहिले असेल त्याला एक गोष्ट खचित जाणवली असेल. या कुत्र्यांना कोणी शिकवणी लावलेली नसते, त्यांच्या गळ्यात परदेशी बनावटीचा पट्टा नसतो, आणि तरीही ती मालकाच्या अंगावर उड्या घेत नाहीत, उगाच भुंकत नाहीत, की कोणाच्या वहाणा कुरतडत बसत नाहीत. त्याच वयाचे, तितक्याच उत्साहाचे एखादे पिल्लू गंगापूर रोडवरील पाचव्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत मात्र महिन्याभरात सोफ्यातील कापूस बाहेर काढते, पडद्यांना लोंबकळते, दारावरच्या घंटीसरशी सारे घर डोक्यावर घेते, आणि ‘हे फार दांडगे निघाले, याला आवरावे कसे’ असा प्रश्न घेऊन त्याचे मालक पशुवैद्याच्या दारात उभे राहतात. माझ्या मते या दांडगाईचे कारण एका शब्दात सांगता येते: बेकारी.

ज्या प्राण्याला माणसाने हजारो वर्षे काही ना काही कामासाठी जवळ केले, त्याच्याकडून काम काढून घेतले तरी त्या कामासाठी अंगात मुरलेला जोम काही निघून जात नाही. आज नाशकात घरोघर दिसणारा लॅब्राडोर हा न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांची जाळी आणि निसटलेले मासे तोंडात धरून आणून देणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. तोंडात काहीतरी धरल्यावाचून त्याला चैन पडत नाही, आणि आपला मोजा घेऊन तो पळाला तर त्यात चोरीचा हेतू शोधणे व्यर्थ होय. जर्मन शेफर्ड ही जात गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर, १८९९ पासून, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून रीतसर घडवली गेली. म्हणून घरची मंडळी चार दिशांना पांगली की तो अस्वस्थ होतो आणि धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तोंड घालतो. आपल्या दख्खनचा कारवानी सशामागे धावण्यासाठी जोपासलेला. समोरून काही पळाले की मागून मारलेली हाक त्याच्यापुरती अस्तित्वातच नसते. तेव्हा पिल्लाला वळण लावण्यास आरंभ करण्यापूर्वी त्याचे आजे-पणजे कोणत्या चाकरीत होते याची चौकशी करावी, आणि त्या चाकरीचा काही अंश घरात त्याला परत मिळवून द्यावा. लॅब्राडोरला वर्तमानपत्राची गुंडाळी दारातून आजोबांच्या खुर्चीपर्यंत नेऊन देण्याचे काम दिले, तर तो ते असा काही अभिमानाने करतो की पाहणाऱ्याला हसू आवरत नाही.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. जोम फार, तर तो पळवून जिरवावा, असा साधा हिशेब करून पुष्कळ मंडळी भल्या पहाटे पिल्लाची साखळी एका हातात आणि स्कूटर दुसऱ्या हातात धरून डांबरी रस्त्यावर निघतात. यातला अपघाताचा धोका उघड आहे. परंतु त्याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या चणीच्या कुत्र्यांची हाडे वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत वाढीच्या अवस्थेत असतात, आणि या काळात कठीण जमिनीवर सक्तीने केलेली दीर्घ धाव सांध्यांना मानवत नाही. शिवाय रोज पळवलेला कुत्रा थकत नाही, तो तयार होतो. आज दोन मैलांनी जिरणारा जोम महिन्याभराने चार मैल मागू लागतो, आणि मालकाने आपल्या घरी एक पट्टीचा धावपटू मात्र पोसलेला असतो. उन्हाळ्यात तर प्रश्नच वेगळा. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंगातील उष्मा बाहेर टाकावा लागतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, सूर्य वर येण्याच्या आत आणि मावळल्यानंतर रस्ता निवल्यावरच त्याला बाहेर काढावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याचे पंजेही टेकवू नयेत.

याच्या उलट बाजूने सांगण्यासारखे असे की, ज्याला आपण अनावर उत्साह समजतो तो कित्येकदा झोपेचा अभाव असतो. लहान पिल्लाला दिवसाकाठी सोळा ते अठरा तास झोप लागते. ज्या घरात मुले शाळेतून आली की खेळवतात, पाहुणे आले की उचलतात, आणि रात्री दूरदर्शनसंच चालू असेपर्यंत दिवाणखान्यातच त्याला ठेवतात, त्या घरातील पिल्लू संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिसाटल्यासारखे धावू लागते आणि दिसेल त्याला चावते. त्यावर उपाय आणखी खेळ हा नव्हे. एखाद्या शांत कोपऱ्यात चादर अंथरून, दिवा मालवून त्याला झोपू द्यावे. त्या कोपऱ्यात असताना त्याला कोणी हात लावणार नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच समजावून सांगितला पाहिजे.

जोम जिरवण्याचे खरे साधन पाय नव्हेत, नाक होय. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातील झंजीर या लॅब्राडोरचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुण्यास शिकून आलेल्या या कुत्र्याने १९९३ च्या बाँबस्फोटांच्या काळात आणि त्यानंतर तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले, आणि २००० साली तो वारला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. अशा कुत्र्यांना स्फोटक म्हणजे काय हे अर्थातच ठाऊक नसते. ठराविक वास सापडला की आवडीची वस्तू मिळते, हा त्यांच्या दृष्टीने एक खेळ असतो, आणि त्या खेळात ती तासन्‌तास तल्लीन होऊ शकतात. घरच्या पिल्लासाठी हाच खेळ फुकटात मांडता येतो. सकाळचे खाणे ताटलीत एकदम न वाढता त्यातील मूठभर कोरडे दाणे जुन्या टॉवेलच्या घडीत गुंडाळावेत, किंवा गच्चीवर कुंड्यांच्या आडोशाने विखरून ठेवावेत आणि ‘शोध’ म्हणून त्याला सोडावे. शेपूट ताठ, नाक जमिनीला, श्वास फुसफुसत चाललेला, असे ते पिल्लू पंधरा मिनिटांच्या शोधानंतर आपण होऊन फरशीवर अंग टाकते; तेवढा थकवा त्याला मैलभर पळवूनही आला नसता.

आता प्रत्यक्ष शिकवणीकडे वळू. शिकवणीची सुरुवात पिल्लापासून करावयाची नसून घरातल्या माणसांपासून करावयाची आहे, असे म्हटल्यास काही वाचकांस ते रुचणार नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे. आजी म्हणते ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, वडील नुसतेच बोट दाखवतात, आणि आईच्या तोंडी ‘खाली’ हा एकच हुकूम अंगावरून उतरण्यासाठीही असतो आणि आडवे होण्यासाठीही. अशा कारभारात कोणत्या हुकमाची तामिली करावी हे त्या बिचाऱ्याला कळावे कसे? एके संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून मसलत करावी, पाच-सहा शब्द कायम करावेत, ते मराठी असोत वा इंग्रजी, आणि कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवावेत. बस, थांब, ये, सोड, जागेवर: एवढी शिदोरी पहिल्या सहा महिन्यांस पुरते. याच बैठकीत जेवताना पानातला घास कोणीही द्यायचा नाही, असाही ठराव व्हावा. हा ठराव बहुधा आजोबांकडून मोडला जातो, आणि तोही चोरून. कुत्र्याला मात्र ते बरोबर समजलेले असते, म्हणून ते जेवणाच्या वेळी सारे घर सोडून त्यांच्याच खुर्चीशेजारी बसते.

‘बस’ शिकविण्याची कृती इतकी सोपी आहे की ती न शिकविण्यास सबब उरत नाही. खाण्याचा बोराएवढा तुकडा चिमटीत धरून पिल्लाच्या नाकापाशी न्यावा, आणि हळूच डोक्यावरून मागच्या बाजूस सरकवावा. तुकड्याचा माग घेत नाक वर उचलले जाते, आणि नाक वर गेले की पाठीचा मागला भाग आपोआप जमिनीला टेकतो. टेकल्याक्षणी ‘शाबास’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. पाठीवर दाब देऊन बसविण्याचे काहीएक कारण नाही. चार-सहा वेळा असे झाल्यावर हाताच्या हालचालीआधी ‘बस’ हा शब्द उच्चारावा, आणि पुढे तुकडा खिशात ठेवून रिकाम्या हाताने तीच हालचाल करावी. एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पिल्लाचा उत्साह टिकून असतानाच पाठ आवरता घ्यावा.

या साऱ्यात ‘क्षणी’ हा शब्द कळीचा आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता, त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचविले, आणि महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवितात. मानवी न्यायाने ते इनाम योग्यच; पण कुत्र्याच्या दृष्टीने पराक्रमानंतर आठवड्याने आलेल्या जहागिरीपेक्षा त्याच श्वासात मिळालेला भाकरीचा तुकडा कितीतरी मोलाचा असतो. कृती आणि फळ यांच्यात एक-दोन सेकंदांहून अधिक अंतर पडले, तर पिल्लू त्या फळाचा संबंध मधल्या दुसऱ्याच कृतीशी जोडते: आपण डबा उघडेपर्यंत ते उठून भुंकले, तर इनाम भुंकण्याला मिळाले. शिक्षेलाही हाच नियम लागू आहे, आणि तेथे त्याचे परिणाम अधिक खेदजनक होतात. दुपारी फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मारले, तर उशीचा धडा त्याला मिळत नाही; मालक घरी आला की मार बसतो, एवढाच धडा मिळतो. कान पाडून, अंग चोरून जे ते कोपऱ्यात बसते, त्याला आपण अपराधाची कबुली समजतो. ती निव्वळ भीती असते.

इनामाच्या तुकड्यांविषयी नाशिककरांना एक इशारा आवर्जून दिला पाहिजे. आपल्या जिल्ह्याची कीर्ती ज्या दोन पिकांनी देशभर केली, ती दोन्ही कुत्र्यास विषासमान आहेत. निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि त्यांपासून केलेले बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सर्वच कुत्र्यांना सारखा अपाय होत नाही हे खरे, पण किती मण्यांपर्यंत निर्भय याची कोणतीही सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही, तेव्हा एकही मणी न देणे हाच मार्ग. ज्याच्या अंगणात मांडव आहे, त्याने हंगामात गळलेले मणी रोज झाडून घ्यावेत. लासलगावचा कांदा, कच्चा असो वा तळलेला, तसाच लसूणही, रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. म्हणजे तळलेल्या कांद्याचा चिवडा, मिसळीची तर्री, आणि फोडणीच्या आमटीत कुस्करलेली पोळी, ही घरोघर प्रेमाने दिली जाणारी खाणी बाद झाली. चॉकलेटही बाद. देण्यास काय उरते, तर उकडलेल्या अंड्याचे तुकडे, बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस, पनीर, गाजर, बिया काढलेल्या सफरचंदाच्या फोडी. आणि जे काही दिले ते रोजच्या शिध्यातून वजा करावे, नाहीतर शिकलेला पण लठ्ठ कुत्रा पदरी पडतो. चुकून द्राक्षे खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता तात्काळ पशुवैद्य गाठावा.

चावण्याची खोड ही बहुधा दातांची असते. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येण्याची क्रिया साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत चालते, आणि त्या काळात हिरड्या सळसळत असतात. जुन्या सुती फडक्याला गाठ मारून, भिजवून, थंड करून दिले तर ते आनंदाने चघळते. हातालाच दात लावले, तर हात झटक्याने ओढू नये, ओरडू नये, कारण दोन्हींमुळे खेळाला रंग चढतो. हात तसाच सैल सोडून, तोंड फिरवून, अर्धे मिनिट लाकडासारखे निश्चल राहावे. अंगावर उड्या घेण्याच्या सवयीलाही हाच उपचार: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच माणूस बोलतो, एरवी पाठ करतो. या उपचारातील खरा अडथळा पिल्लाचा नसून ‘असू दे हो, मला कुत्री आवडतात’ म्हणून त्याला कुरवाळणाऱ्या पाहुण्यांचा असतो. त्यांना दारातच नम्रपणे पण निक्षून सांगावे.

पट्ट्यावर ओढणाऱ्या पिल्लाबरोबर ओढाओढ करू नये. दोरी ताणली गेली की आपण थांबावे, ती सैल झाली की चालू लागावे. पहिले काही दिवस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्यास वीस मिनिटे लागतील आणि शेजारी हसतील. त्याला इलाज नाही. गळा आवळणारी साखळी वापरू नये, छातीवरून बसणारा पट्टा उत्तम. हाक मारल्यावर येण्याचा पाठ मात्र घरात पक्का होऊन, मग वीस-तीस फुटांच्या सुती नवारीवर मोकळ्या मैदानात घ्यावा. आणि ‘ये’ म्हणून बोलावून कधीही आंघोळ घालू नये, औषध पाजू नये, रागावू नये. दहापैकी आठ वेळा जवळ बोलावून, खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडावे, म्हणजे येण्यात तोटा नाही असा त्याचा विश्वास बसतो. गल्लीतील भटकी कुत्री समोरून आली तर दोरी आवळून त्याला उचलून घेण्याचा मोह टाळावा. वळसा घेऊन, खाऊ दाखवीत, शांतपणे बाजूने निघून जावे.

आवाजाची भीती हा नाशकात विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण आपला ढोल महाराष्ट्रभर गाजतो तो काही उगाच नव्हे. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे जे निर्वेधपणे पाहते-ऐकते, ते त्याला जन्मभर परके वाटत नाही. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी दीर्घकाळ निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथरूपाने हे मांडले. अडचण अशी की, लसींची मालिका पूर्ण होण्यास सुमारे सोळा आठवडे लागतात, आणि तोवर पार्व्होच्या भीतीने त्याला जमिनीवर फिरवता येत नाही. तोड म्हणून त्याला कडेवर वा रिक्षात मांडीवर घ्यावे, आणि जमिनीला पाय न लावता नाशिकरोड स्थानकाबाहेरची वर्दळ, पंचवटीतील घंटांचा दुरून येणारा नाद, पावसाळी छत्र्या, गणवेशातली मुले, हे सारे थोड्या थोड्या मात्रेने दाखवावे. ढोलाचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून त्याच वेळी जेवण वाढावे, आणि पिल्लू निर्धास्तपणे जेवत राहील इतक्याच बेताने तो दिवसागणिक वाढवावा. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा रहाडीच्या रंगपंचमीत मात्र कितीही शिकलेला कुत्रा नेऊ नये. तेथे त्याचे काही काम नाही.

शौचाच्या शिस्तीबद्दल फार लिहीत नाही: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर, दर वेळी त्याच जागी न्यावे, झाल्याक्षणी शाबासकी द्यावी, चुकून घरात झाले तर मुकाट्याने पुसावे. नाक घासण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आणि किळसवाणी आहे.

आठव्या महिन्याच्या आसपास, सर्व काही शिकले असे वाटत असतानाच, पिल्लू अचानक बहिरे झाल्यासारखे वागू लागते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, या वयात कुत्रे आपल्या मालकाचा हुकूम मानीनासे होते, पण परक्याचा मानते. पोरगे वयात आलेल्या कोणाही आईबापांना यात नवल वाटणार नाही. हा काळ काही महिन्यांचा असतो. पाठ सोपे करावेत, दोरी पुन्हा बांधावी, आणि चिडू नये. नेमक्या याच काळात पुष्कळ कुत्री गच्चीवर किंवा जिन्याखाली साखळीने जन्माची बांधली जातात. कुत्र्याला नेहमी बांधून वा कोंडून ठेवून त्याला वाजवी व्यायाम न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या अकराव्या कलमान्वये अपराध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभराची सवड ज्या घरात कोणालाही निघण्यासारखी नाही, त्या घराने मुलाच्या वाढदिवसाच्या हट्टापायी लॅब्राडोरचे किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू आणू नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. हौस तरीही असेलच, तर स्वभावाने निवलेला, चार-पाच वर्षांचा एखादा गावठी कुत्रा पाहावा. असे कुत्रे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. घरात आणण्यापूर्वी मात्र त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि महानगरपालिकेच्या दप्तरी त्याची नोंद करावी.